बारमधलं गाणं: एक मामा, एक भाची आणि न मिटलेला वाद

पुण्याच्या कॅम्पात ईस्ट स्ट्रीटच्या अलीकडे-पलीकडे अजून काही बार असे आहेत, जिथे दारात बाउन्सर छाती काढून उभा नसतो, मेन्यूकार्डावर पदार्थाखाली त्याचं चरित्र छापलेलं नसतं आणि मसाला शेंगदाण्यांना मसाला शेंगदाणेच म्हणतात. कोपऱ्यात वीतभर उंचीचा लाकडी चौथरा असतो. त्यावर दोन स्पीकर, तीन माइक आणि काळ्या चिकटपट्टीने जमिनीला डकवलेल्या वायरी. एवढ्या भांडवलावर शुक्रवारची रात्र काढायची असते.

अशाच एका बारमध्ये, बँडच्या अगदी पुढ्यातल्या टेबलावर, मामा-भाचीची जोडी बसली होती. मामा ६६ वर्षांचे, बँकेतून निवृत्त, घर नारायण पेठेत. तरुणपणी ते पुण्यातल्या एका ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचे. भाची २८ वर्षांची, खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी आणि लहानपणापासून ख्यालाची तालीम. वाचकाला वाटेल, आता मामा नाक मुरडणार आणि भाची नव्या जमान्याची बाजू लढवणार. झालं उलटंच. बारचं वकीलपत्र मामांनी घेतलं होतं. भाची आली होती ती ऑफिसातला मित्र गिटार वाजवतो म्हणून, आणि आल्यापासून तिच्या कपाळावरची आठी काही हलत नव्हती.

"इथे गाणं ऐकायला कोणीच आलेलं नाही," ती म्हणाली.

पुरावा तिच्या पाठीमागेच होता. आठ-नऊ जणांचं टेबल, कोणाचा तरी वाढदिवस, आणि गायिका पहिला अंतरा घेत असताना बिर्याणी कोणी मागवली यावर तिकडे खडाजंगी चालू होती. "सवाई महोत्सवात असं कोणी बोललं तर पुढचा माणूस फक्त मागे वळून बघतो. तेवढ्याने काम होतं."

"सवाईत बोलत नाहीत? अगं, निम्मं पुणं बाहेर स्टॉलवर भजी खात पडद्यावर गाणं बघत असतं. आत जागा असून बाहेर उभे राहणारे मी पाहिलेत. त्यांनाही तू रसिकच म्हणतेस ना?"

"ते खायला बाहेर जातात, मामा. गाणाऱ्याच्या तोंडासमोर कोणी खात नाही."

मामांनी शेंगदाण्याचा बोकणा भरला आणि थेट १८८० सालात उडी मारली. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग पुण्यात झाला आणि पुढची पन्नास वर्षं मराठी माणूस नाटकाला गेला तो मुख्यतः गाण्यासाठी. एकेका पदाला वन्समोरवर वन्समोर, नाटक संपायला पहाट. "प्रेक्षक ओरडून गाणं परत मागायचे. गोष्ट तिथल्या तिथे थांबवायचे. शकुंतला दुष्यंताची वाट बघत उभी आणि हे म्हणतात पुन्हा गा! ती शिस्त होती का? तरी तुझ्या नाट्यसंगीताचा सगळा खजिना त्याच गोंधळातून आला."

भाचीला हे पटलं नाही, आणि तिचं चूक नव्हतं. वन्समोर देणारा माणूस गाणं कान देऊन ऐकत असतो. बिर्याणीवाला ऐकत नसतो. दोन्ही गोंधळ एका मापाने मोजता येत नाहीत. पण मामांच्या बोलण्यातला एक धागा धरून ठेवण्यासारखा आहे. पुण्याने संगीत नेहमीच मांडी घालून, डोळे मिटून ऐकलं, ही समजूत बरीच अलीकडची आहे. सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मृतीसाठी सुरू केला तो १९५३ साली. त्याच्या आधीही हे शहर गाणं ऐकत होतं आणि अनेक ठिकाणी ऐकत होतं. त्यातल्या काही जागांची नावं घरात काढायची पद्धत नव्हती.

भाचीने नेमका तोच मुद्दा उचलला.

"पलुस्करांनी गाणं जिथून बाहेर काढलं, तिथेच तू मला परत घेऊन आलायस."

हे वाक्य तिने बहुधा घरूनच तयार करून आणलं असावं, पण वजनदार होतं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात काढलं. गाणं शिकणं म्हणजे घरंदाजपणाला डाग, ही समजूत पुसण्यात या दोघांचा मोठा वाटा आहे. वर्ग, परीक्षा, तिकीट लावून मैफल, वेळेवर सुरुवात. नारायण पेठेतली मुलगी संध्याकाळी तंबोरा लावून बसते आणि शेजारी कौतुक करतात, यामागे त्या मंडळींचे कष्ट आहेत. नशा, पैसे उधळणं आणि गाणाऱ्या बाईकडे बघण्याची नजर या तिन्हींपासून गाणं सोडवायला त्यांना उभा जन्म लागला, असं भाचीचं म्हणणं. आणि आता ग्लासांच्या खणखणाटात गायचं, याला पुढे जाणं म्हणायचं?

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गाणं बाहेर काढलं, मान्य. पण ते काढताना आत कोण राहिलं, तेही बघ. बारीवाल्या बायका राहिल्या."

आता ते चौफुल्याबद्दल बोलू लागले. पुण्याहून सोलापूर रस्त्याने जाताना लागणारी तिथली कला केंद्रं आणि पुण्यातलं आर्यभूषण थिएटर ही संगीत बारीची ठिकाणं. तिथे पार्ट्या मुक्कामाला असतात. प्रत्येक पार्टीला ठरलेल्या वेळेची पाळी, तीच बारी. पेटी, तबला, ढोलकी, गाणाऱ्या आणि नाचणाऱ्या बायका, समोर प्रेक्षक. एखाद्याला लावणी आवडली की तो नोट पुढे करतो आणि फर्माईश सांगतो. ही दौलतजादा. खास बैठकीची लावणी ऐकायची तर वेगळी खोली, मोजकी माणसं आणि अदाकारी अशी, की गाणारी जागची उठत नाही. सगळा अर्थ बोटांत आणि भुवईत. भूषण कोरगांवकरांचं 'संगीत बारी' हे पुस्तक आणि सावित्री मेधातुल यांच्याबरोबर त्यांनी केलेले प्रयोग यांमुळे हे जग शहरी प्रेक्षकांना बरंच उशिरा कळलं. त्याच परंपरेतल्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली तेव्हा साल २०१२ होतं. २०१८ मध्ये त्या गेल्या.

"तू ख्याल गातेस म्हणून कलाकार, आणि त्या बायका लावणी गातात म्हणून धंदेवाल्या, असं तुझ्या आजीच्या पिढीने ठरवलं. जागेवरून गाण्याची जात ठरवायची ही खोड तिथून आली."

"मी लावणीला कमी लेखत नाहीये. मी म्हणतेय, त्या बायकांना विचार, त्यांना ती जागा आवडायची का. यमुनाबाईंना मान कुठे मिळाला? सभागृहात. थिएटरात नाही."

इथे गुण भाचीला द्यावे लागतात.

एवढ्यात बँडची दुसरी फेरी सुरू झाली. गायिका, दोन गिटार आणि एका लाकडी खोक्यावर बसून त्याच खोक्याच्या पुढच्या फळीवर हात मारणारा पोरगा. या खोक्याला काहोन म्हणतात. ते मूळचं पेरू देशातलं, तिथल्या आफ्रिकी गुलामांच्या वस्त्यांतलं. स्पॅनिश गिटारवादक पाको दे लुसिया यांनी १९७०च्या दशकात ते फ्लॅमेंकोत नेलं आणि तिथून ते जगभर पसरलं. पुण्याच्या छोट्या बारमध्ये ते आलं याचं कारण मात्र संगीताइतकंच आवाजाचं आहे. बंद खोलीत ड्रमसेट ठेवला की गायकाला ड्रमच्या वर चढावं लागतं, गिटारला गायकाच्या वर, आणि टेबलावरच्या माणसांना या सगळ्यांच्या वर ओरडावं लागतं. खोलीचा आवाज ड्रमर ठरवतो, असं साउंडवाले म्हणतात ते खरंच आहे. खोकं आणलं की हे सगळं एक पायरी खाली येतं.

मामांना यातलं बारीकसारीक कळत होतं. साडेसात वाजता साउंडचेक चालू असताना ते लवकर येऊन बसले होते. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, माणसं भरली की कपडे आणि अंगं तो शोषून घेतात, मग ट्रेबल थोडं वाढवावं लागतं. मिक्सरवरच्या मुलाने नऊच्या सुमारास नेमकी तीच खुंटी फिरवली तेव्हा मामांनी भाचीला कोपराने ढोसलं. ऑर्केस्ट्राच्या काळात गणपतीच्या मांडवात त्यांनी हे शेकडो वेळा केलेलं होतं.

"कान दुखतायत माझे," भाची म्हणाली.

तक्रार गंभीरपणे घ्यायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीताच्या जागांसाठी जे निकष दिले त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, मोजणारं यंत्र ठेवावं आणि कानात घालायचे बोळे उपलब्ध असावेत, असं आहे. कामगारांसाठीच्या एका प्रचलित मापाप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतात, पण १०० डेसिबलमध्ये पंधरा मिनिटांत दिवसभराचा वाटा संपतो. प्रेक्षक तीन तासांनी घरी जातो. वेटर रोज तिथेच असतो, त्याच्या कानांची चौकशी कोणी करत नाही. मामांनी लगेच लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जन मिरवणूक पुढे केली, जिथे सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या नोंदींत काही वर्षी सरासरीच १०० डेसिबलच्या वर गेलेली आहे. पण एका ठिकाणी जास्त आवाज होतो म्हणून दुसरीकडचा माफ होत नाही, आणि हे मामांनाही ठाऊक होतं. त्यांनी विषय बदलला.

विषय बदलून ते आले कायद्यावर. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातल्या थोड्या दिवसांपुरती राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. रात्रभर चालणारं सवाई या नियमांनी बंद झालं. ३० एप्रिल २०२३ ला राजा बहादूर मिलच्या आवारात ए. आर. रहमान गात असताना दहा वाजून गेले आणि पोलिसांनी मंचावर येऊन कार्यक्रम थांबवला. त्यावर देशभर चर्चा झाली. पुणेकरांची त्यावर दोन मतं होती: पोलिसांनी औचित्य सोडलं, आणि पोलिसांनी बरोबर केलं. दोन्ही मतं एकाच घरात सापडत होती.

"आता सांग," मामा म्हणाले, "दहानंतर या शहरात जिवंत गाणं कुठे ऐकायचं? मैदान बंद, मांडव बंद, गच्ची बंद. सभागृहवाला साडेनऊलाच दिवे लावतो. उरली ही बंद खोली. नियमात बंद जागेला सवलत आहे म्हणून ही खोली आहे."

हा त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे, व्यापारी भागात ५५ ची. टेबलावर दोन माणसं साधं बोलतात तेव्हाच आकडा साठच्या आसपास जातो. म्हणजे भिंत जाड असल्याशिवाय रात्रीचं संगीत शक्यच नाही, आणि जाड भिंत, एसी, परवाने यांचा खर्च गाण्याच्या तिकिटावर निघत नाही. तो दारूवर निघतो. कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेर इथल्या झगमगीत जागांनी हा खर्च दामदुप्पट वसूल करायची युक्ती शोधली. कॅम्पातल्या साध्या बारला ती जमत नाही, म्हणून तिथे खुर्च्यांची रेक्झिन फाटलेली असते आणि बँडला जेवण मेन्यूच्या उजव्या पानावरूनच घ्यावं लागतं.

"म्हणजे गाणं दारूचं आश्रित."

"आश्रित नाही, भाडेकरू."

भाची पहिल्यांदा हसली. पण हार मानायची तयारी नव्हती. मामांनी मग जगाचा दाखला काढला. बीटल्स नावाची पोरं १९६० साली लिव्हरपूलहून हॅम्बुर्गला गेली, तिथल्या बारमध्ये रात्र-रात्र वाजवली, गिऱ्हाईक आत खेचण्यासाठी घसा फोडला, आणि तिथेच त्यांचा बँड तयार झाला. सगळ्या जगाला पाठ असलेली ही गोष्ट. भाचीने मोबाइल न काढता उत्तर दिलं. "आणि परत आल्यावर ज्या कॅव्हर्न क्लबात ती नावारूपाला आली, तिथे तेव्हा दारू मिळतच नव्हती. कॉफी आणि थंड पेय. तरी तळघरात पाय ठेवायला जागा नसायची."

मामांना हे माहीत नव्हतं. त्यांनी ते मान्य केलं आणि पेल्याकडे बघितलं.

पण घरातलाच दाखला त्यांच्याकडे याहून चांगला होता. मुंबईच्या हॉटेलांत तीस-चाळीसच्या दशकांत गोव्याचे वादक जॅझ वाजवायचे. चिक चॉकलेट हे नाव त्यात गाजलेलं. आल्दोनाचा हा ट्रम्पेटवादक ताजमध्ये वाजवायचा. पुढे तोच पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांकडे, म्हणजे सी. रामचंद्रांकडे आला आणि १९५१ च्या 'अलबेला'च्या संगीतात त्याचा हात लागला. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांची वाद्यरचना सांभाळली. हॉटेलातला बँड म्हणजे यांची शाळा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, हॉटेलांतल्या नाचगाण्याला ओहोटी लागली आणि तिथला वादक स्टुडिओकडे वळला. 'अलबेला'तल्या भगवानदादांच्या ज्या ठेक्यावर आजही गणपतीत पाय थिरकतात, त्याची पाळंमुळं अशी बारच्या चौथऱ्यापर्यंत पोचतात.

"आणि त्यांची नावं?" भाचीने विचारलं. "पडद्यावर किती जणांची आली?"

फार थोड्यांची. हेच उत्तर मामांना द्यावं लागलं, आणि इथून वादाने वळण घेतलं. आतापर्यंत प्रश्न होता बारमध्ये गाणं शोभतं का. आता तो झाला बारमध्ये गाणाऱ्याचं काय होतं. खरं तर पहिल्या प्रश्नापेक्षा हा दुसरा जास्त महत्त्वाचा, पण पुणेकर माणूस शोभण्यावरच जास्त वेळ भांडतो.

महाराष्ट्राच्या कायद्याने बारमधल्या सगळ्यांचा बारीक हिशेब ठेवलेला आहे. गिऱ्हाइकाचं वय बिअर-वाइनला २१, त्यापुढच्या कडक दारूला २५. पिणाऱ्याकडे परवाना हवा. एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो आणि तो असतो हे निम्म्या पिणाऱ्यांच्या गावी नसतं. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, चालवणारा अल्पवयीन होता, आणि त्याला दारू दिल्याबद्दल बारचालकांवर गुन्हे दाखल झाले. त्यानंतर तपासण्या इतक्या वाढल्या की आता साध्या बारमध्येही ओळखपत्र मागतात. मामांकडेही मागितलं होतं, याचा त्यांना कोण आनंद झाला होता. दुसऱ्याचं गाणं वाजवलं तर कवी-संगीतकारांसाठी आयपीआरएस या १९६९ पासूनच्या संस्थेकडे पैसे भरायचे. ध्वनिमुद्रण लावलं तर त्याच्या मालकांचा वाटा वेगळा. ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यात तर मंचावर चार बायका आणि चार पुरुष अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२२ ला ती रद्द केली. आठ जणांची एकूण मर्यादा मात्र ठेवली.

"म्हणजे २०२२ च्या आधी अशा बारमध्ये चार जणी आधीच असत्या तर मला तानपुऱ्यालाही बसता आलं नसतं," भाची म्हणाली. "आठांत आठ बायका गायल्या तर बिघडतं काय? पण असं कोणाला विचारावंसंच वाटलं नाही. बायका मोजायच्या, एवढंच सुचलं."

पिणाऱ्याचं वय, दारूचा परवाना, संगीतकाराचा हक्क, मंचावरची डोकी, भिंतीबाहेरचे डेसिबल. सगळं कागदावर. समोर उभं राहून वाजवणाऱ्याचा व्यवहार मात्र मालकाशी, आणि तो बहुतेक ठिकाणी तोंडी. रात्रीचे ठरलेले पैसे, चौघांत वाटायचे, त्यातून टेम्पो नाही तर कॅब. शुक्रवार रद्द झाला तर दुपारी मेसेज येतो. भाचीचा गिटारवाला मित्र नोकरी करतो म्हणून त्याला परवडतं. ज्याला नोकरी नाही त्याला शिकवण्या घ्याव्या लागतात, आणि मग रियाज कधी करायचा?

मामांनी पुण्याची बाजू सावरायचा प्रयत्न केला. एनएच सेव्हन वीकेंडरसारखा महोत्सव २०१० मध्ये पहिल्यांदा झाला तो पुण्यात. 'अग्नी' पुण्याचा, 'ईझी वाँडरलिंग्ज' पुण्याचा. हे बँड आभाळातून पडले नाहीत. वाजवायला छोट्या जागा होत्या, म्हणून झाले. आणि २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' परदेशी लेबलने काढलं तेव्हा ज्या पबमध्ये मराठी बोललेलं चालत नव्हतं तिथे त्यावर नाच झाला. "पब म्हणजे मराठीची हद्द संपली, असं आम्ही समजायचो. पोरांनी हद्द पुढे नेली."

"ती डीजेने नेली. बँडने नाही. आज पंधरा गाणी झाली, एक तरी मराठी झालं?"

मामांनी टिश्यू पेपरवर पेनने काहीतरी लिहिलं आणि वेटरच्या हाती दिलं.

चिठ्ठी चौथऱ्यावर पोचली. ती 'हॉटेल कॅलिफोर्निया'च्या दोन फर्माईशींच्या वर ठेवली गेली, ही बँडची मेहरबानी. ते साडेसहा मिनिटांचं गाणं दर शुक्रवारी वाजवून त्यांची बोटं आंबलेली असणार. मामांनी मागितलं होतं हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतलं, शांता शेळक्यांचं एक कोळीगीत. गायिकेने गिटारवाल्याच्या कानात विचारलं, त्याने दोन कॉर्ड लावून बघितल्या, तिसरी चुकली, खोक्यावाल्याने ठेका बरोबर धरला. धृपद झकास झालं. वाढदिवसाचं टेबल उठून उभं राहिलं. पहिल्या अंतऱ्याला मात्र गायिका दुसऱ्या ओळीवर अडकली आणि पुढचं सगळं 'ला ला'वर नेलं. कोणाचं काही बिघडलं नाही. अख्खी खोली धृपदाला परत हजर.

भाची आणि मामा एकाच वेळी एकमेकांकडे वळले आणि दोघांच्याही चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव होता.

"बघितलंस? शब्द गेले, कोणाला पत्ताही नाही. शांताबाईंची ओळ खाल्ली आणि टाळ्या मिळाल्या."

"बघितलंस? तमिळ, पंजाबी, बंगाली पोरं त्या टेबलावर. सगळी कोळीगीत ओरडतायत."

दोघांचंही निरीक्षण तंतोतंत बरोबर होतं. छोट्या बारमधल्या संगीताची बेरीज-वजाबाकी त्या तीन मिनिटांत पुरी सापडते. गाण्याचा बारकावा इथे हरवतो, आणि गाणं जिथे कधी गेलं नसतं अशा माणसांच्या तोंडी बसतं. पहिलं नुकसान सभागृहात भरून निघतं. दुसरा फायदा सभागृहात होत नाही, कारण ती आठ-नऊ जणं तिकीट काढून मराठी गाण्याच्या कार्यक्रमाला कधीच जाणार नव्हती. म्हणून या वादात या लेखाचा कल जागेपुरता मामांकडे आहे.

पैशापुरता तो भाचीकडे आहे, आणि त्याचं कारण थोड्या वेळाने टेबलावर आलं. बिल. मामांनी बँकेतल्या सवयीने ते ओळ-ओळ तपासलं. खाण्यावर जीएसटी दोन भागांत, दारूवर व्हॅट, सेवा शुल्क. पाण्याच्या दोन बाटल्या. भाचीने बोट ठेवत खालपर्यंत नेलं.

"यात बँड कुठाय?"

कुठेच नव्हता. त्या रात्री त्या खोलीतली सगळ्यात मोठी गोष्ट जी होती, तिची बिलात ओळ नव्हती. मामांचं म्हणणं, कव्हर चार्ज लावला तर विद्यार्थी येणार नाहीत आणि ही साधी जागाही महागड्या जागांसारखी होईल. भाचीचं म्हणणं, पाण्याच्या बाटलीचे पैसे लावले तर कोणी यायचं थांबत नाही, मग पन्नास रुपये गाण्याचे लावले तर का थांबेल? आणि ते बँडला मिळतात असं मेन्यूवर छापावं. यावर मामांकडे उत्तर नव्हतं. खरं तर कोणाकडेच असू नये, इतकं ते सोपं आहे.

मामा उठले, चौथऱ्यापाशी गेले आणि गिटारच्या उघड्या पेटीत दोनशेची नोट टाकली. परत आले तर भाची म्हणाली, "झाली दौलतजादा?"

"झाली. आणि आम्ही नोट दाखवून नाचायला सांगितलं नाही, एवढी सुधारणा लिहून ठेव."

बाहेर ईस्ट स्ट्रीटवर पानवाला उघडा होता. वाद रिक्षात बसेपर्यंत चालला आणि मिटला नाही. भाची पुढच्या शुक्रवारी येणार नाही, असं तिने सांगितलं. बुधवारी येईन म्हणाली, कारण बुधवारी गर्दी कमी असते आणि मित्राचा बँड त्या दिवशी स्वतःची गाणी वाजवतो.

वाचकांपैकी ज्यांना जाऊन बघायचं असेल त्यांनीही बुधवार-गुरुवारच निवडावा. आठच्या आत पोचावं, म्हणजे चौथऱ्यासमोरचं टेबल मिळतं. स्पीकरच्या थेट तोंडासमोर बसू नये. ओळखपत्र जवळ ठेवावं, केस कितीही पांढरे असले तरी. बँडचं नाव विचारून घ्यावं, त्यांच्या स्वतःच्या गाण्याची एक तरी चिठ्ठी पाठवावी. माइकच्या दांड्याला क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला दिसला तर तो बँडचाच आहे ना, एवढं विचारून निघण्यापूर्वी स्कॅन करावा. आणि घरी रिक्षाने जावं.